पाटावरचं इंजिन

माझ्या खोलीच्या दाराची कडी मोडली होती. घरमालकांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते सुताराला बोलावतील. ते पांढरी दोरी घेऊन आले. कोयंड्यातून ती ओवली, दोन वेढे दिले, एक फास टाकला आणि म्हणाले, "ही गाठ वादळातपन सुटायची नाय, बाई. तुमी मातर हितं एक बोट घालून ओढलं का झाली मोकळी." वादळाचं खरं असावं. बोटाचं काही माझ्या हातून कधी जमलं नाही. शाळेतून आले की मी पर्स मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची आणि काका गोठ्याकडून येऊन एका बोटाने माझी खोली उघडून द्यायचे. पुढे मी कल्याणहून नवी कडी आणली, तर ती त्यांनी आठ दिवस कौतुकाने खिशात बाळगली आणि मग हरवली.

मुरबाड तालुक्यात धरणाच्या काठावर एक गाव आहे. नव्वद साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले. गावात भाड्याने मिळणारी खोली एकच, ती या काकांची. काका नुकतेच मुंबईहून निवृत्त होऊन आले होते. तीस वर्षं त्यांनी समुद्राकाठच्या एका शिडाच्या होड्यांच्या क्लबात नोकरी केली. सकाळी साहेबलोकांच्या होड्या पाण्यात ढकलायच्या, संध्याकाळी ओढून बाहेर काढायच्या, धुवायच्या, शिडं वाळवायची, दोऱ्या गुंडाळायच्या. शनिवारी रात्री गावी यायचं, सोमवारी पहाटे जायचं. या तीस वर्षांत होडीत बसायचा प्रसंग त्यांच्यावर एकदाही आला नाही. पोहताही येत नव्हतं. मी कारण विचारलं, तर अगदी मोकळेपणाने म्हणाले, वेळच मिळाला नाही, सारखं पाण्यापाशी काम.

पण क्लब त्यांच्या अंगात मुरला होता. पांढरे कॅन्व्हासचे बूट ते रोज घालत, शेणातूनसुद्धा, आणि रविवारी त्यांना खडू लावून पांढरे करत. खडू अर्थात माझ्या शाळेचे. गोठ्याच्या कौलांवर बांबूला एक फडकं बांधलं होतं, ते त्यांचं वाऱ्याचं निशाण. सकाळी दात घासताना त्याच्याकडे बघून आख्ख्या आळीला सूचना मिळायच्या, आज नैर्ऋत्येचा आहे, कपडे मागच्या अंगाला वाळत घाला. बायका घालायच्याही, कारण न घातले तर काका स्वतः येऊन दोरीची जागा बदलत. गावात कुणाच्या बैलाचं दावं, कुणाची विहिरीची दोरी, कुणाच्या पाळण्याची दोरी, सगळीकडे त्यांच्या गाठी होत्या. एका बारशाला पाळणा वर करून बांधला तो काकांनी. जेवणं झाल्यावर पाळणा खाली घ्यायचा तर काका कुठेतरी निघून गेलेले, आणि बाळ बराच वेळ वरच.

लोकांना निवृत्त होताना शाल-नारळ मिळतो, फार तर भिंतीवरचं घड्याळ. काकांना होडी मिळाली. क्लबाने मोडीत काढलेली ती जोडहोडी टेंपोत घालून त्यांनी आणली तेव्हा सगळा गाव पाराकडे जमला होता. वाळूवरून ओढत नेऊन लाटांत सोडायची ही होडी. दोन लांब, निमुळते पोकळ तराफे, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या नळ्या आणि मधे ताणून बसवलेली जाळी. तिला तळ नाही, कठडा नाही. एका म्हाताऱ्याने चहूबाजूंनी फिरून निकाल दिला की ही होडी नसून बाज आहे, फक्त हिचे पाय पाण्यात पोहतात. पाटलांनी दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ऐकवून ठेवलं. काका जाळीवर पडलेली धूळ फडक्याने पुसत राहिले.

मी समजत होते की हा म्हातारपणचा छंद. छंद नव्हता. त्यामागे काकी होती.

काकीचं माहेर आमच्या ओट्यावरून दिसायचं. समोर पाणी, पाण्यापलीकडे टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी सातआठ घरं. संध्याकाळी तिकडच्या चुलींचा धूर निघाला की काकी म्हणायची, "आयनं भात टाकला." लग्न झालं तेव्हा मधे नुसती नदी होती, गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, आईच्या हातचं खायचं आणि दिवेलागणीला परत. मग धरण झालं, पाणी भरलं, आणि तेच माहेर एसटीने मुरबाडला जाऊन, बस बदलून, टोकावड्याच्या अलीकडे उतरून, वर डोंगर चढून जायचं होऊन बसलं. गेलेलं माणूस त्या दिवशी परत येत नसे. आणि काकीला तर त्याच दिवशी परत यायला हवं होतं, कारण म्हैस.

म्हैस काकीशिवाय कुणालाही पान्हा सोडत नसे. याआधीच्या म्हशीचंही तेच होतं आणि तिच्या आईचंही. एकदा काकी तापाने पडली तेव्हा शेजारीण धार काढायला बसली, तर म्हशीने तिला बादलीसकट उडवलं आणि दोन दिवस दूध चोरलं. त्यामुळे काकी लग्नकार्याला किंवा कुणी गेलं तरच माहेरी जायची आणि तिथेही तिचं अर्धं लक्ष इकडच्या गोठ्यात. आई आता फार थकली होती, डोळ्यांनी अंधुक दिसायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडायची की एकदा चार दिवस राहायला ये. काकी तो निरोप ऐकायची आणि वैरण टाकायला उठायची. काका हे तीस वर्षं, दर रविवारी, बघत आले होते.

होडी आल्यावर त्यांनी काकीला मोठ्या थाटात सांगितलं, आता तुला माहेरी नेतो. काकीने विचारलं, आणि आणणार कधी? काका म्हणाले, ते वाऱ्यावर आहे.

"वारा काय तुमच्या घरचा गडी हाय?" काकी म्हणाली. "म्हशीच्या टायमाला परत आनायचं कबूल करा, मंग बसते."

काकांचं तत्त्व असं, की शिडाच्या होडीला इंजिन लावणं म्हणजे घोड्याला सायकलीवर बसवणं. वारा विचारून निघायचं आणि वारा सोडेल तेव्हा परतायचं. क्लबातले साहेब असंच म्हणत असणार. पण साहेबांच्या घरी म्हैस नसेल.

मग तो शिडाचा प्रयोग झाला. डोलकाठी उभी केली, दोऱ्या अशा सुरेख ताणल्या की बघत राहावं. काकांनी नारिंगी तरंगतं जाकीट बंडीवर चढवलं, पांढरे बूट काढून जाळीवर ठेवले आणि निघाले. होडी अशी सुटली, की काठावरची माणसं टाळ्या वाजवायचीही विसरली. माहेराच्या दिशेने अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथून, कुणाला काही न विचारता, धरणाच्या भिंतीकडे वळली. काका दोऱ्या ओढताना दिसत होते, सोडताना दिसत होते, मग नुसते बसलेले दिसत होते. शीड बांधायचं कसं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. चालवायचं कसं हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी भिंतीकडच्या गावातून ते जीपच्या टपावर बसून परत आले, जाकीट अंगात तसंच. तिथल्या लोकांनी चहा फार चांगला दिला, एवढंच बोलले. काकीने हसू दाबलं आणि पाणी तापवायला ठेवलं.

त्यानंतर दोन महिने डोलकाठी गोठ्यात आडवी पडून होती. काकी तिच्यावर गोधड्या वाळवायची. आणि एके दिवशी काका मुंबईला जाऊन गोणपाटात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. क्लबाच्या अडगळीतलं छोटंसं इंजिन होतं ते. वर डोकं, खाली दांडा, दांड्याच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. तत्त्वाचं काय झालं असं विचारायची मला फार खुमखुमी होती, पण त्यांचा चेहरा बघून मी वह्या तपासायला घेतल्या. ते इंजिन एका बादलीत उभं करून दोरी ओढत होते आणि म्हैस गोठ्यात नाचत होती.

इंजिन तर आलं, पण लावायचं कुठे? या होडीला मागे फळीच नसते, नुसती नळी. नळीला इंजिनाची पकड बसत नाही. काका दोन दिवस घरातलं प्रत्येक लाकूड ठोकून बघत हिंडले. तिसऱ्या दिवशी जेवायला बसताना काकीला तिचा पाट सापडेना. सागवानी, जाडजूड, लग्नात माहेरहून आलेला पाट. तो होडीच्या मागच्या नळीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेला होता आणि त्यावर इंजिन चढून बसलं होतं. काकी काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काका जाकिटाचे बंद चाळवत म्हणाले की गावात एवढं पक्कं लाकूड दुसरं नाही. काकीने वाकून पाट हलवून पाहिला. हलला नाही. "माझ्या बानं दिलेला हाय," ती म्हणाली आणि घरी जाऊन जमिनीवर बसून जेवली. पण मला वाटतं, होडीत बसायचा विचार तिच्या मनात त्या दिवशीच आला.

इंजिनाच्या वजनाने होडी मागून बुडू लागली आणि पुढची दोन नाकं आभाळाकडे झाली. पुढे कुणीतरी बसायला हवं होतं. काकांनी मला आपादमस्तक बघून घेतलं आणि उद्या शाळेला सुट्टी आहे ना असं विचारलं. शिक्षिका म्हणून मी त्या गावात काय दिवे लावले ते सोडा, पण त्या होडीचा तोल महिनाभर माझ्यामुळे राहिला. जाकीट एकच, ते काकांच्या अंगात. माझ्या कमरेला रॉकेलचा रिकामा कॅन. जरा लाट आली की पंखा पाण्याबाहेर येऊन किंचाळायचा, मग काका ओरडायचे, "बाई, मागं सरा," आणि मी कॅनसकट जाळीवरून रांगायची. काठावर माझी इयत्ता तिसरी बसलेली असायची. दुसऱ्या दिवशी वर्गात माझा वचक किती राहत असेल!

दसऱ्याला जायचं ठरलं. आईला सोनं द्यायचं, पाया पडायचं, जेवायचं आणि म्हशीच्या वेळेला परत. काकी कबूल झाली.

दसऱ्याच्या सकाळी घरात पूजा मांडली: कोयता, विळा, चाकू, काकांची पक्कड, नटबोल्टचे पाने, सगळं हळदीकुंकू लावून पाटावर. म्हणजे दुसऱ्या पाटावर. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हातात धरायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. मग ओट्यावर वाद उभा राहिला, की इंजिन हे काय? हत्यार असेल तर आज त्याला विश्रांती, आणि माहेर राहिलं. वाहन असेल तर पूजा करून, हार घालून फिरवायलाच हवं. आळीतले तीन म्हातारे जमले. एकाचं म्हणणं, लोखंड आहे म्हणजे हत्यार. दुसरा म्हणाला, मग एसटीपण हत्यारच. शेवटी असा निकाल लागला, की होडी वाहन आहे आणि इंजिन तिचा बैल आहे. बैलाला माळ घालून न्यायला हरकत नाही. काकांनी झेंडूची भरघोस माळ स्वतः ओवली, शिडं शिवायच्या दोऱ्यात, आणि इंजिनाच्या गळ्यात आपल्या त्या वादळातल्या गाठीने बांधली. आजच्या दिवस ती काढायची नाही, काढली तर अपशकुन.

निघालो. काकी मधोमध मांडी घालून, ठेवणीतलं लुगडं, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. मी पुढे, कॅनसकट. काका मागे पाटापाशी, खडू लावलेल्या बुटांत. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. काकीने एकदाही पाण्याकडे बघितलं नाही. ती समोरच्या टेकडीकडे बघत होती आणि टेकडी खरंच जवळ येत होती. झाडं वेगळी दिसू लागली, मग घरं, मग एका घरापुढचं माणूस.

तेवढ्यात इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. गाठ सुटली नव्हती, तिचा काही दोष नाही. थरथरून थरथरून माळच्या माळ इंजिनाच्या डोक्यावरून खाली घसरली आणि पंख्यात गेली. काकांनी इंजिन तिरकं करून वर घेतलं. पंख्याचा पत्ता नव्हता, झेंडूचा एक ओला गोळा होता, आणि त्याच्याभोवती शिडाचा दोरा करकचून बसला होता. कापायला चाकू हवा. चाकू घरी, पाटावर, हळदीकुंकवात. कोयता तिथेच. पक्कड तिथेच. तिघांच्यात मिळून एक टाचणी निघाली, ती माझ्या पदराची.

काकांनी गाठीत बोट घालून ओढलं. ती सुटली नाही. इतक्या दिवसांत मला मनापासून आनंद झाला असेल तर तो त्या क्षणी, आणि लगेच भीती वाटली, कारण वारा उठला होता आणि होडी हळूहळू भिंतीकडे सरकू लागली होती. काका टाचणीने दोरा टोचत बसले. "गो, मी तुला नेतो बोललो होतो," ते एवढंच म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

काकीने पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला, जाळीवरून मागे सरकत गेली आणि पाटावर पालथी पडून तिने मूठमूठ झेंडू उपटून पाण्यात टाकायला सुरुवात केली. दोरा मोकळा दिसू लागला तशी तिने मान खाली घातली आणि तो दाढेत धरला. सुपाऱ्या फोडणारे दात होते ते. काका घाईघाईने म्हणाले की आजची माळ तोडू नये. काकी दात न सोडता काहीतरी बोलली, ते आम्हा दोघांपैकी कुणालाच कळलं नाही ते बरं. दोरा तुटला. काकांनी झटका मारला, पुन्हा मारला, मग काकीने त्यांच्या हातातून दोरी घेऊन एकदाच मारला.

पलीकडच्या काठावर आई उभी होती. भावाने हात धरला होता. तिला आम्ही दिसत नव्हतो, ती आवाजाकडे तोंड करून उभी होती. काकी गुडघाभर पाण्यातच उतरली आणि चालत गेली, पूर्वी नदीतून जायची तशी. सोनं दिलं, पाया पडली. आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला तर बोटांना झेंडूच्या पाकळ्या लागल्या. "काय खाल्लंस गो?" आईने विचारलं.

मधे वेळ फार गेला होता. आम्ही जेवतो न जेवतो तोच काकी सूर्याकडे बघू लागली. आई तिचा हात सोडत नव्हती. काका उठले, जाकीट चढवलं आणि म्हणाले, "तू ऱ्हा चार दिस. म्हशीचं मी बघतो." काकी म्हणाली, लाथ मारील. काका म्हणाले, मारू दे, जाकीट आहे.

त्या संध्याकाळी म्हशीने लाथ मारली. जाकीट फाटलं नाही, पण बादली चेपली. काका गोठ्याबाहेर दगडावर बराच वेळ विचार करत बसले. मग खुंटीवर काकीचं गोठ्यातलं लुगडं होतं, ते त्यांनी घेतलं. काकी शेणाचे डाग नकोत म्हणून धार काढताना तेच जुनं हिरवट लुगडं नेसायची. काकांनी ते अंगाला गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला, खाली पांढरे बूट, आणि आत गेले. थोड्या वेळाने बादलीत धारेचा आवाज आला. मी माझ्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होते. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका कुडाच्या फटीतून बघून गेल्या, तिसऱ्या दिवशी माझी इयत्ता तिसरी. काकांनी कुणाला हाकललं नाही. फक्त हसू नका म्हणाले, ती बुजते.

पाचव्या दिवशी ते काकीला घेऊन आले. भावाने तिला नवंकोरं जांभळं लुगडं दिलं होतं, तेच नेसली होती. चेहरा असा उजळला होता की मी ओळख द्यायच्या आधी क्षणभर थांबले. म्हैस ओरडत होती. काकी पिशवी ओट्यावर टाकून तशीच गोठ्यात गेली आणि बादली घेऊन बसली. म्हशीने तिला हुंगलं आणि लाथ मारली.

काकी उठून उभी राहिली. पुन्हा बसली, चुचकारलं, नावाने हाक मारली. म्हशीने पाठ फिरवली. तेवढ्यात काका, सवयीने, हिरवट लुगडं गुंडाळून दारात आले. म्हशीने त्यांच्याकडे मान वळवली आणि पान्हा सोडला.

काकी त्या लुगड्याकडे बघत होती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला तिचं फार वाईट वाटलं. समोर दिसणारं माहेर, रोजचा तो धूर, आणि एवढी सगळी वर्षं.

"म्हंजे हिला मी लागत नव्हते," काकी हळूच म्हणाली.

काका खाली मान घालून धार काढत राहिले. काकीने कोपऱ्यातली चेपलेली बादली उचलली, नव्या लुगड्यावरचं शेण झटकलं आणि दारापर्यंत गेली. तिथे ती थांबली.

"इंजिनात पेट्रोल किती उरलंय, बघून ठेवा," ती म्हणाली.